जुन्या अमेरिकन घराच्या लाकडी खिडक्या : दुरुस्त कराव्यात की फेकाव्यात?

सेलमकर
एका मित्राने मॅसॅच्युसेट्समध्ये १८४०च्या सुमाराचं ग्रीक रिव्हायव्हल शैलीचं घर घेतलंय. समोर देवळासारखा त्रिकोणी माथा, कोपऱ्यांना खांबांचा आभास देणाऱ्या रुंद फळ्या. घर ऐतिहासिक विभागात मोडतं, म्हणजे बाहेरचं रूप बदलायला समितीची परवानगी लागते. सगळ्या खिडक्या काढून व्हाइनिलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, बसवायचा त्याचा बेत होता, पण गावच्या समितीने रस्त्याकडच्या बाजूला परवानगी नाकारली. तेव्हापासून भेटला की तेच रडगाणं.

मी समितीच्या बाजूचा आहे, पण शोभेसाठी नाही. ती जुनी खिडकी जरा खोलून बघा. चौकटीच्या बाजूला एक लहानसं झाकण असतं, ते काढलं की आत सुती दोरीला टांगलेलं बिडाचं वजन दिसतं. दोरी कप्पीवरून झडपेला बांधलेली, म्हणून एवढी जड झडप सहज वर जाते. दोरी तुटली, दोरी बदला. काच फुटली, पुट्टी खरवडून तेवढीच काच बसवा. खालची पट्टी कुजली तर कुजका भाग कापून नवा तुकडा सांधा. लाकूड सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांचं, रेषा दाट, आज वखारीत शोधून सापडणार नाही. व्हाइनिलच्या दुहेरी काचेचं सील गेलं की मध्ये वाफ धरते, आणि अख्खी काचजोडी कचऱ्यात.

हिशेबी
साफ असहमत. समिती हीटिंगचं बिल भरते का? जुन्या इमारतींसाठी २० टक्के फेडरल करसवलत आहे, पण ती भाड्याच्या किंवा धंद्याच्या वास्तूला. स्वतः राहता त्या घराला छदाम नाही. नियम तुमचा, खिसा माझा!

आणि शिशाचं काय? घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीची वर-खाली घासत जाणारी खिडकी दर वेळी शिशाची पूड पाडते. घरात रांगतं मूल असेल तर मी त्याच दिवशी खिडक्या काढून टाकेन.

सेलमकर
शिशाचा मुद्दा बिनतोड, पण इलाज त्यालाही आहे. प्रशिक्षित माणसाकडून झडपा उतरवून, घासणाऱ्या कडांचा रंग काढून घ्यायचा. तसंही खिडकी उपटताना पूड उडतेच. थंडीसाठी जुन्या खिडकीवर बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे दुसरी जादा खिडकी, लावा. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ग्रीन लॅबने २०१२ मध्ये हिशोब मांडला होता : जुनी खिडकी अधिक अशी जादा खिडकी, बचत नव्या खिडकीच्या जवळपास, खर्च बराच कमी.

मोकळा_प्लॉट
मला या 'पारंपरिक कारागिरी'च्या गहिवराचीच गंमत वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमचं फेअरबँक्स हाउस, १६४०च्या आसपासचं, ओकच्या तुळया खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी ठोकलेलं. त्याला म्हणा कारागिरी. १८३०च्या दशकात शिकागोकडे बलून फ्रेम ही हलक्या लाकडी सांगाड्याची पद्धत आली आणि खेळ संपला. गिरणीत कापलेल्या बारीक फळ्या, यंत्राचे खिळे, आणि सांधे कोरणाऱ्या सुताराची गरजच उरली नाही. पुढे सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने १९०८ पासून कॅटलॉगमधून घरं विकली, सुमारे ७०,०००. सगळं सामान रेल्वेने यायचं. हा देश घर टपालाने मागवत आलाय, आणि आता व्हाइनिल म्हटलं की नाक मुरडतो! खरं दुखणं वेगळंच आहे. अशा विभागांमुळे नवी बांधकामं अडतात आणि आधी आलेल्यांच्या घरांचे भाव चढे राहतात.

ओकची_खुंटी
मोकळा_प्लॉट, सीअर्सच्या त्या सामानातल्या खिडक्याही लाकडीच होत्या, आणि आजही दुरुस्त होतात. मुद्दा हात की यंत्र हा नाहीच. वस्तू सुटी करता येते की नाही, एवढाच आहे.

समित्यांवर मात्र माझाही राग आहे. ऐतिहासिक विभागाचा देशातला पहिला कायदा साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराचा, १९३१चा. १९८९ मध्ये तिथे ह्यूगो वादळ आलं आणि कळलं की गिलावा, दगडकाम, जुन्या पद्धतीचं सुतारकाम करणारी माणसं पुरेशी उरलीच नाहीत. अठ्ठावन्न वर्षं घरं जपली, हात कोणी जपले नाहीत. बांधकामाची कारागिरी शिकवणारं अमेरिकन कॉलेज ऑफ द बिल्डिंग आर्ट्स निघालं ते त्या धड्यातून. आणि हे हात कोणाचे, तेही बघा. त्याच शहरात फिलिप सिमन्स लोखंडी फाटकं घडवत होते. त्यांचे गुरू जन्माने गुलाम होते. राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या माँटिचेलो या घराचं उत्तम सुतारकामही जॉन हेमिंग्ज या गुलाम सुताराचं. जेफरसनचं नाव सगळ्यांना ठाऊक, हेमिंग्जचं किती जणांना?

बाल्टिमोरवाली
ओकची_खुंटी +१. आमचं विटांचं रो-हाउस, शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागून. आधीच्या मालकाने विटांमधल्या चुन्याच्या दरजा उकरून त्यात सिमेंट भरलं. जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. पूर्वी ओल दरजेतून निघून जायची, आता विटेतच अडकते, हिवाळ्यात गोठते, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. बोट लावलं की लाल भुकटी. (पुण्यात वाड्यांच्या भिंतींना सिमेंट फासलं की पोपडे धरतात, तोच प्रकार.) आमच्या समितीने मला दाराच्या रंगावरून तीन पत्रं पाठवली. त्या सिमेंटला कोणी हरकत घेतल्याचा एक कागद सापडत नाही.

मोकळा_प्लॉट
म्हणजे समिती नकोच. धन्यवाद!

बाल्टिमोरवाली
असं मी म्हटलेलं नाही. रंग सोडा, चुना बघा, एवढंच.

सेलमकर
हिशेबी, एक तोडगा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात समितीचा अधिकार रस्त्यावरून दिसतं तेवढ्यापुरताच. मागच्या बाजूला मित्राने हवं ते बसवावं. समोरच्या खिडक्यांसाठी बॉस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमध्ये विचारावं. तिथे जुन्या घरांचं सुतारकाम शिकवतात, शिकून गेलेली मुलं याच भागात कामं घेतात.

हिशेबी
विचारू दे की. लेखी कोटेशन घे म्हणावं, शिशाच्या कामासकट, स्टॉर्म विंडो धरून, आणि सुतार नेमका कधी येणार ती तारीख घालून. तो आकडा इथे टाका, मग बोलू. तोवर माझं मत व्हाइनिललाच.