आपल्या खासदाराने कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, हे कुठे बघायचं?

पूर्वउपनगर
सोसायटीत गणपतीच्या वर्गणीची बैठक होती. विषय भरकटला आणि 'आपले खासदार दिल्लीत करतात तरी काय' यावर तासभर जुंपली. एका काकांचा मुद्दा गटाराच्या झाकणांचा. (ते काम महापालिकेचं, पण काकांना सांगणार कोण?) रात्री पीआरएसच्या (संसदेच्या कामाची माहिती देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर खासदारांचं पान उघडलं. हजेरी आहे, चर्चांची संख्या आहे, प्रश्न आहेत, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) आहेत. मला हवं होतं ते एवढंच: कुठल्या विधेयकाला ते हो म्हणाले आणि कुठल्याला नाही. नेमकं तेच नाही. ही नोंद असते कुठे? खासदारांचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धाग्याची पक्षीय कुस्ती होईल.

बोरीवली_स्लो
तुम्हाला हजेरी तरी दिसते! आमचे खासदार केंद्रात मंत्री. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, खासगी विधेयक मांडत नाहीत. सगळे रकाने कोरे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

शिळा_पेपर
ताई, बहुतेक वेळा ती नोंद नसतेच. मी निवृत्त होईपर्यंत पेपरात डेस्कवर होतो. अधिवेशन सुरू झालं की 'विधेयक आवाजी मतदानाने मंजूर' ही ओळ रोज एकदा तरी पानात लागायचीच. आवाजी म्हणजे अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हो' ओरडतात, विरोधातले 'नाही' ओरडतात, आणि अध्यक्ष कौल सांगतात. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण कँटीनमध्ये होतं, कागदावर काही उरत नाही.

नावानिशी नोंद होते ती मतविभाजन झालं तर. एखाद्या सदस्याने कौलाला हरकत घेऊन ते मागावं लागतं. मग घंटा वाजते, लॉबी रिकामी करतात, दारं बंद होतात आणि बाकावरची बटणं दाबली जातात. फलकावरचा आकडा 'दुरुस्तीच्या अधीन' असतो, कारण बटण चुकलेले लोक चिठ्ठ्या देतात. मागणी उगाच आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. त्यात नावं नोंदवत नाहीत.

घटनादुरुस्तीत मात्र सुटका नाही. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, दोन्ही दाखवावं लागतं, त्यामुळे मोजणी होतेच. म्हणून महिला आरक्षणाचा हिशेब २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असा चोख मिळतो, आणि त्या दोघांतले एक आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते हेही कळतं. साध्या विधेयकांत विरोधकांनी हट्ट धरला तरच. २०२५ चं वक्फ दुरुस्ती विधेयक, २८८ विरुद्ध २३२, हे तसं.

आणि उलटं उदाहरण कृषी कायद्यांचं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत विरोधक मतविभाजन मागत असताना ते आवाजी मतदानाने मंजूर झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले तेही आवाजीनेच. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर शेतकरी बसले, त्या कायद्यांच्या येण्याजाण्यावर राज्यसभेत कुणाचंही मत नावाने नोंदलेलं नाही. माझ्या मते ही लाजिरवाणी गोष्ट आहे, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

तुम्हाला बघायचं असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या चर्चेचा पूर्ण वृत्तांत उघडा. मतविभाजन झालं असेल, तिथे 'होय' आणि 'नाही' वाल्यांच्या याद्या असतात.

ठाणे_लोकल
सापडलं तरी उपयोग काय? १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे दिसतं ते पक्षाचं मत, खासदाराचं नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोन दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभात्याग केला. दोन दिवसांत इतक्या जणांचं एकदम मतपरिवर्तन?

शिळा_पेपर
हे खरं आहे. म्हणून मी मतापेक्षा माणूस स्वतःहून काय मांडतो ते बघतो. खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात, तेव्हा निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असतं. स्वातंत्र्यानंतर अशी १४ च कायदे झाली, शेवटचं १९७० मध्ये. पण तेवढ्यावरून ती फुकट म्हणू नका. संसदेला मूलभूत हक्कांत काटछाट करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ निकालात सांगितल्यावर कोकणच्या बॅरिस्टर नाथ पैंनी १९६७ मध्ये विधेयक आणलं, की मूलभूत हक्कांतही दुरुस्तीचा अधिकार संसदेला असावा. ते मंजूर झालं नाही. १९७१ मध्ये सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच केलं, तोवर नाथ पै गेले होते. उत्तर मुंबईच्या राम नाईकांनी बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरातबाजी रोखायला खासगी विधेयक मांडलं होतं. १९९२ मध्ये सरकारने त्यावर स्वतःचा कायदा केला.

प्रश्नांच्या आकड्याला मात्र भुलू नका. एकाच प्रश्नावर अनेकांची नावं जोडलेली असतात, मसुदा बऱ्याचदा सहायकाचा असतो. आणि पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदार घरी गेलेच की.

पूर्वउपनगर
धन्यवाद काका. प्रश्न उघडून बघितले. लोकलच्या गर्दीवरच्या एका प्रश्नात आमच्या खासदारांबरोबर भलत्याच राज्यांतल्या दोघांची नावं आहेत! उत्तरात चार कलमं एकत्र करून एकच परिच्छेद. दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर फक्त 'माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' मग ही कधी ठेवतात?

शिळा_पेपर
ते वाक्य आश्वासन म्हणून धरलं जातं आणि मंत्रालयाने तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही केलं तर मुदतवाढ मागतात. शासकीय आश्वासन समितीचे अहवाल त्याच संकेतस्थळावर आहेत, त्यात तुमच्या मंत्रालयाचं नाव शोधा. खासदारांना एक ओळीचं पत्रही टाका, प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख घालून: पाठपुरावा केला का? क्रमांक घातलेल्या पत्राला 'आपल्या भावना पोचल्या' असं उत्तर देणं जरा अवघड जातं.