'प्रत्यारोपण' म्हटलं की घरचे विचारतात, दाता कोण?

अमळनेरकर: मामांचा लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, पहिल्या केमोनं उतरला होता, तो परत आलाय. आता मुंबईला स्टेमसेल, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या पेशींचं, ट्रान्सप्लान्ट ठरलंय. माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून घरच्यांसाठी मराठीत उतरवतोय. 'ऑटोलॉगस'ला 'स्वपेशी प्रत्यारोपण' लिहिलं, तर मामी घाबरूनच गेली, "आते कोनं काय लेनार सेतस?" प्रत्यारोपण म्हणजे तिच्या लेखी किडनी, चिरफाड, घरातलं कोणीतरी टेबलावर. इथं मामांच्याच पेशी मामांना शिरेतून परत द्यायच्यात. काय लिहू?

तापीकाठ: आधी स्टेमसेलचं ठरवा. 'मूलपेशी' वाचून लोकांना लेकरू आठवतं. स्टेम म्हणजे खोड, संस्कृतात स्कंध. 'स्कंधपेशी' हाच नेमका शब्द.

केळीबाग, रावेर: केळीचं खोड हे खोडच नसतं हो, पानांच्या बुडख्यांची गुंडाळी असते ती. खरं खोड जमिनीत, म्हणजे कंद. घड उतरवून झाड कापलं तरी कंदातून पील फुटतं आणि पिलबाग उभी राहते. 'कंदपेशी' म्हणा. रावेर-यावलात कोणाला समजावावं लागणार नाही.

तापीकाठ: आणि सोलापूरच्या रुग्णानं काय समजायचं? छापील पत्रकाला परिभाषा लागते.

चोपडेकर: खोडाचा धागाच चुकीचा आहे. शब्द आला जर्मनमधून. जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८६८ मध्ये 'श्टामत्सेले' वापरला तो वंशवृक्षाच्या अर्थानं, ज्या एकपेशीय जीवापासून पुढची सगळी जीवसृष्टी झाली त्याच्यासाठी. म्हणजे आपला मूळपुरुष. म्हणून 'मूळपेशी', आणि ळ हवाच.

परिचारिका, धुळे: वॉर्डात अजून 'बोनमॅरो'च म्हणतात, कारण पूर्वी कमरेच्या हाडातून मगज काढायचे. आता बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन पेशी रक्तात उतरवतात, मशीनवर वेगळ्या करतात आणि गोठवून ठेवतात. पण मामींना हे सांगा, की आजारावर घाव घालतो तो मोठ्या डोसचा केमो. त्या डोसानं मगजही जळतो, म्हणून राखलेल्या पेशी परत द्यायच्या. पेशी औषध नाहीत, आधार आहेत. 'रोपण' शब्दानं नेमकं हेच झाकलं जातं. मी लिहिलं असतं, 'मोठा केमो आणि स्वतःच्या पेशींचा आधार'. पिशवी चढवताना खोलीत लसणासारखा वास येतो, तो गोठवताना घातलेल्या द्रावणाचा. तेही लिहा, नातेवाईक दचकतात. पेशी रुजून रक्तातलं पेशींचं प्रमाण वर यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात.

तापीकाठ: तुम्हीच 'रुजून' म्हणालात. रुजतं ते रोपण!

चोपडेकर: रोपण मान्य. 'प्रत्या' कशाला?

केळीबाग, रावेर: काढलं तिथंच परत लावलं, तर 'प्रति' इथंच शोभतो. किडनीला नाही शोभत.

अमळनेरकर: ताई, आधाराचं वाक्य घेतो. अजून एक अडलंय. पत्रकात लिम्फोमाला 'अ‍ॅग्रेसिव्ह' म्हटलंय. 'आक्रमक' लिहू की 'जहाल'?

परिचारिका, धुळे: कोणताही लिहा, पुढं एक ओळ जोडा. झपाट्यानं वाढणाऱ्या प्रकारातले बरेच रुग्ण केमोनं पूर्ण बरे होतात, उलट संथ प्रकार पुन्हा पुन्हा डोकं काढतो. परतलेल्या आजारात दुसऱ्या फळीच्या औषधानं गाठी दबल्या, तर हा मार्ग चांगला चालतो. अशाच रुग्णांवरच्या १९९५ च्या पार्मा चाचणीत पाच वर्षांनी प्रत्यारोपणाच्या गटातले ५३ टक्के हयात होते, नुसत्या केमोच्या गटातले ३२.

तापीकाठ: जहाल विष असतं, जहाल गट असतो. गाठ जहाल कशी?

केळीबाग, रावेर: झपाट्यानं चढतं त्यालाच जहाल म्हणतो ना आपण? मग गाठीला का नको?

चोपडेकर: मिरचीलाही म्हणतो. ती कुठं चढते?