गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया : पोटावरून, दुर्बिणीतून की खालून?

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर)

माझ्या वहिनी 46 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून पाळीत फार रक्त जाते, गोळ्यांनी गुण आला नाही, आणि गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन 7.8 वर आले. सोनोग्राफीत तीन गाठी दिसल्या असून गर्भाशयाचा आकार चौदा आठवड्यांच्या गर्भाएवढा असल्याचे लिहिले आहे. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची आहेत. गर्भाशय काढावे यावर दोन डॉक्टरांचे एकमत आहे. मात्र एक दुर्बिणीतून करू म्हणतात आणि दुसरे पोट उघडून. रामबागेतल्या आमच्या मावशींची शस्त्रक्रिया पंचवीस वर्षांपूर्वी खालून झाली होती, पोटावर एकही टाका नव्हता. या पद्धतीचा दोघांनीही उल्लेख केला नाही. शेजारच्या बायका ‘बच्चादानी काढणे आता किरकोळ झाले आहे’ असे सांगतात, ते मला पटत नाही. कोणत्या पद्धतीत कोणती गुंतागुंत अधिक होते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर 1 (निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदूर)

ताई, ही शस्त्रक्रिया किरकोळ नाही, हे तुम्हाला वाटते ते बरोबर आहे. कर्करोग नसेल आणि शक्य असेल, तर योनिमार्गे म्हणजे खालून करणे सर्वांत हिताचे, असाच आजवरच्या अभ्यासांचा कौल आहे. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात 47 चाचण्यांमधील 5,102 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली आणि निष्कर्ष हाच निघाला. ही पद्धत मागे पडली आहे, त्याचे एक कारण असे की नव्या डॉक्टरांना ती शिकण्याची संधीच कमी मिळते. मला याचे मनापासून वाईट वाटते.

पोट उघडून केल्यास जखमेत पू होणे, पुढे तेथे हर्निया होणे, वेदना अधिक असणे आणि पूर्ववत होण्यास सहा आठवडे लागणे, हा त्रास जास्त. दुर्बिणीत तो कमी होतो, पण मूत्राशय आणि मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) यांना इजा होण्याचा धोका काहीसा वाढतो. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या मुख्य रक्तवाहिनीच्या खालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. कृष्णपुऱ्याच्या पुलाखालून नदी जावी तशी. रक्तवाहिनी विजेच्या उपकरणाने जाळून बंद करताना त्या उष्णतेची झळ खालच्या नळीला लागू शकते, आणि ती इजा शस्त्रक्रिया चालू असताना दिसत नाही. अशी इजा शंभरात एखादीला किंवा त्याहूनही कमी जणींना होते, परंतु जिला होते तिचे हाल फार होतात. योनीच्या वरच्या टोकाची शिवण उसवण्याचा प्रकारही दुर्मीळच, पण दुर्बिणीनंतर तो अधिक आढळतो.

2004 मध्ये 1,380 स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. तीत मोठी गुंतागुंत पोटावरून 6.2 टक्के आणि दुर्बिणीतून 11.1 टक्के आढळली. हे आकडे वाचून घाबरू नका. दुर्बिणीने सुरू करून ऐन वेळी पोट उघडावे लागले, तर तीही त्या चाचणीत मोठी गुंतागुंत धरली होती. तिच्याच दुसऱ्या भागात खालून आणि दुर्बिणीतून यांची तुलना होती. तेथे प्रमाण 9.5 आणि 9.8 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते.

वहिनींच्या बाबतीत खरी अडचण सिझेरियनच्या व्रणाची आहे. मूत्राशय तेथे चिकटलेले असते आणि ते सोडवताना फाटू शकते. हा धोका तिन्ही पद्धतींत राहतो. दोन सिझेरियन झाली म्हणून खालून करताच येत नाही असे नाही, पण चौदा आठवड्यांच्या आकाराला त्यातला सराईत हात हवा. तपासणीत गर्भाशय सहज हलते का, हे आधी पाहून घ्यावे.

उत्तर 2 (लोकमान्य नगर, इंदूर)

माझी शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी दुर्बिणीतून झाली. तिसऱ्या दिवशी मी घरी आले, पाचव्या दिवशी स्वतः चहा केला. बाराव्या दिवशी पहाटे गादी ओली लागली. लघवी होत होती, आणि त्याखेरीज योनीतून पाणी गळतच होते. रुग्णालयाला फोन केला तेव्हा ‘पांढरे जात असेल, आठ दिवस थांबा’ असे उत्तर मिळाले. मी थांबले, हीच माझी चूक झाली. पुढे सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रवाहिनीला छिद्र दिसले. मूत्ररोगतज्ज्ञांनी नळी घातली, ती टिकली नाही, आणि तीन महिन्यांनी मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्याने जोडावी लागली. आज मी पूर्ण बरी आहे. वहिनींच्या घरी सर्वांना सांगून ठेवा : कंबरेत एका बाजूला दुखणे, ताप, पोट फुगणे किंवा पाणी गळणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

उत्तर 3 (वडोदरा)

एक गोष्ट राहून जाते. गाठी मोठ्या असल्या की दुर्बिणीत त्यांचे तुकडे करून बाहेर काढतात, आणि गाठीत न ओळखलेला कर्करोग असल्यास तो पोटात पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये याबाबत इशारा दिला होता. तुकडे पिशवीत ठेवूनच करणार का, हे विचारा, आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची बायोप्सी आधी करून घ्या. अंडाशय निरोगी असतील तर या वयात ती ठेवण्याबद्दलही बोला.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. लोहाची सलाइन दिल्यावर वहिनींचे हिमोग्लोबिन 9.6 झाले आहे आणि बायोप्सीत काही वाईट निघाले नाही. काल खालून शस्त्रक्रिया करणाऱ्या एका बाईंना दाखवले. गर्भाशय पुढे पोटाच्या भिंतीला चिकटल्यासारखे वाटते, फारसे हलत नाही, म्हणून खालून नको असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुर्बिणीचा निर्णय झाला आहे. शेवटी मूत्राशयात कॅमेरा घालून दोन्ही बाजूंनी लघवीची धार येते का हे पाहाल का, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी ‘पाहीन’ म्हणून आमच्यासमोरच केसपेपरवर लिहिले. चिकटलेले मूत्राशय सुटत नाही असे दिसले तर पोट उघडण्यास आमची संमती आहे, तेही त्याखाली लिहून वहिनींनी सही केली.