टाच आत कलते म्हणजे पाय बिघडला का?

उंबरठा: "चालताना टाच आत कलते? पाय बिघडलाय, आजच इनसोल घ्या" ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो टाच आत कलणारच! टेकताना ती जरा बाहेरच्या कडेवर असते, वजन आलं की आत कलते, पाऊल सैल पडतं, धक्का जिरतो, आणि टाच उचलताना ती परत फिरते म्हणजे पाऊल ताठ होऊन रेटा देता येतो. पायांचे अमेरिकन डॉक्टर रूट यांनी 70 च्या दशकात 'न्यूट्रल', म्हणजे टाच ना आत ना बाहेर कललेली, हा आदर्श ठरवला आणि लोक तोच धरून बसलेत. नंतर चालताना मोजलं तर धडधाकट माणसांची टाचसुद्धा त्या न्यूट्रलवर थांबत नव्हती.

टाचदुखी_त्रस्त: तुम्हाला दुखत नाही म्हणून सुचतंय हे. आठ महिने सकाळचं पहिलं पाऊल खिळ्यावर पडायचं, इनसोल घातलं, तीन आठवड्यांत फरक. तुमचा रूट का फूट, मला काय करायचंय?

पायपीट: माझे बूट टाचेपाशी बाहेरून झिजतात. म्हणजे मी उलटा कलतो, बरोबर ना?

उंबरठा: @टाचदुखी, बरं वाटलं हे मान्य आहे. पण टाच सरळ झाली म्हणून बरं वाटलं हे कुणी मोजलं? थेट हाडात पिना बसवून पाच जणांवर प्रयोग झालाय, इनसोलने हाडांची हालचाल थोडीशीच बदलली, तीही प्रत्येकात वेगळी. एरवी हालचाल टिपायला कातडीवर चिकटवतात त्या खुणा (मार्कर) तर कातडीबरोबर सरकतात, हाडाचं खरं कळत नाही.

घोटाळा: ते पाचही जण *धावत* होते. चालण्याच्या धाग्यात धावण्याचा पुरावा, वा!

उंबरठा: हो, धावत होते, चुकलं. आता हार घाला मला.

पायपीट: माझ्या बुटांचं कुणी सांगेल का?

घोटाळा: @पायपीट टाच बाहेरच्या मागच्या कडेवरच टेकते म्हणून तिथे झिजतं, बहुतेकांचं तसंच. त्यावरून निदान करणारा दुकानदार भेटला तर सरळ उठून या.

पायपीट: मग मला तसंच सांगून जे जाड इनसोल गळ्यात मारलं, त्याने गुडघा दुखायला लागला ते??

चपलाप्रेमी: बूटच सोडा, अनवाणी चाला, सगळं आपोआप बरं होतं.

टाचदुखी_त्रस्त: @चपलाप्रेमी फरशीवर अनवाणी चालूनच माझी टाच गेली. फुकटचे सल्ले नकोत.

चपलाप्रेमी: मग चुकीचं चालत असाल. मी दोन वर्षं अनवाणी चालतोय, सर्दीसुद्धा नाही.

घोटाळा: सर्दी टाचेतून होते हे आजच कळलं.

फिजिओताई: इनसोल हाड फिरवत नसेल, पण दाब कुठे पडतो आणि कुठल्या स्नायूवर किती ताण येतो ते बदलतं, म्हणून टाच तशीच कलूनही आराम पडू शकतो. 2006 मध्ये 135 टाचदुखीवाल्यांवर ट्रायल झाली, तीन महिन्यांनी इनसोलवाल्यांना चालण्याफिरण्यात थोडा फायदा, वर्षभराने नकली इनसोलवालेही तिथेच. आणि मापाचं बनवलेलं तयारपेक्षा सरस ठरलं नाही.

टाचदुखी_त्रस्त: म्हणजे माझं मापाचं महागडं इनसोल...?

फिजिओताई: दुखत नाही ना? मग घाला की. फक्त टाच सरळ करायला म्हणून घेऊ नका.

उंबरठा: मी काय वेगळं सांगत होतो?

घोटाळा: तेच, फक्त ओरडून.

पायपीट: माझा गुडघा...