इंटरव्ह्यूनंतर आभाराचा मेल पाठवावा का?

क्वालिटीवाली_चाकण

काल संध्याकाळी सातला माझा व्हिडिओ इंटरव्ह्यू झाला. मी चाकणला सप्लायर क्वालिटी बघते. नवी जागा पुण्यातच आहे, पण टीम मिशिगनची. समोर तिघं होते: पुण्याच्या एचआर मॅडम, तिकडचे क्वालिटी मॅनेजर आणि एक ज्येष्ठ मेटलर्जिस्ट (धातुतज्ज्ञ). मेटलर्जिस्टबरोबर बोलणं छान रंगलं. अ‍ॅल्युमिनियमच्या डायकास्ट (डाय म्हणजे साच्यात ओतलेल्या) हाउसिंगमधली पोरॉसिटी, म्हणजे धातूत राहिलेली बारीक भोकं, आम्ही लीक टेस्ट आणि एक्स-रे लावून कशी पकडली ते मी सांगत होते. त्यांनी विचारलं, ती गॅसची (अडकलेल्या वायूची) की श्रिंकेजची (धातू थंड होताना आकसल्याची) हे कशावरून ठरवलं? तेवढ्यात वेळ संपली आणि उत्तर अर्धंच राहिलं.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, अमेरिकन लोकांना आभाराचा मेल लागतोच. सासरे राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत, ते म्हणतात हा लाळघोटेपणा आहे, अजिबात करू नकोस. चॅटजीपीटीकडून एक मसुदा लिहून घेतलाय, पण तो कुणालाही पाठवता येईल असा आहे. माझ्याकडे मेल आयडी फक्त एचआर मॅडमचा आहे. काय करू?

टूलरूम_अंबड

ताई, पाठवा. पण तो मसुदा नको.

नाशिकला अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत मी बरीच वर्षं माणसं निवडली. उमेदवार बाहेर पडला की पुढचा आत येण्याआधी आम्ही शेरे लिहून टाकायचो. त्यामुळे नंतर आलेल्या मेलने नापास माणूस पास झाल्याचं मी पाहिलेलं नाही. 'आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल' असे मेल यायचे, ते मी नीट वाचतसुद्धा नव्हतो.

एक मेल मात्र अजून आठवतो. टूलरूमसाठी एक आयटीआयचा मुलगा आला होता. पातळ जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा भाग) क्लॅम्प केला की वाकतो, या आमच्या अडचणीवर इंटरव्ह्यूत बोलणं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने चार ओळी लिहिल्या, त्याही मराठीत, आणि सोबत वहीच्या कागदावर पेन्सिलने काढलेल्या फिक्स्चरचा, म्हणजे जॉब पक्का धरून ठेवणाऱ्या साधनाचा, फोटो. जॉबला खालून कुठे आधार द्यायचा ते त्यात दाखवलं होतं. निवड त्याची आधीच झाली होती, पण त्या कागदामुळे आम्ही त्याला थेट फिक्स्चर डिझाइनच्या टेबलावर बसवलं. घरी गेल्यावरही तो आमच्या जॉबचा विचार करत होता, हे मला फार मोलाचं वाटलं.

तुमच्याकडे तर अर्धं राहिलेलं उत्तर आहे. तेच पूर्ण करून पाठवा. यात लाळघोटेपणा कुठे आला? समोरच्याने कामाचं विचारलं, तुम्ही कामाचं सांगताय.

मिशिगनची_सून

मी इकडे ट्रॉयला असते, गाड्यांच्या सुट्या भागांच्याच धंद्यात. इकडे हा रिवाज आहे, साधारण २४ तासांच्या आत पाठवतात. सध्या उन्हाळी वेळ चालू आहे, म्हणजे आम्ही तुमच्या साडेनऊ तास मागे. तुम्ही आज संध्याकाळी साडेपाच-सहाला पाठवलात तर इथे आठ-साडेआठ वाजलेले असतील, लोक मेल उघडूनच बसलेले असतात.

आयडी नसेल तर शोधाशोध करू नका. एचआर मॅडमना लिहा आणि 'खालचा मजकूर कृपया त्या दोघांना पोचवाल का' असं विचारा. दोघांना वेगवेगळा लिहा. क्वालिटी मॅनेजरना दोन ओळी पुरेत. सीव्ही पुन्हा जोडू नका. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, बऱ्याच कंपन्यांत निकाल लागेपर्यंत उमेदवाराला थेट उत्तर द्यायचं नाही असाच नियम असतो.

निवृत्त_अवर_सचिव

तुमच्या सासऱ्यांची बाजू मांडतो, कारण त्यांच्या जगात ते बरोबरच आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं की कोणत्याही मार्गाने वशिला लावण्याचा प्रयत्न केला तर उमेदवार अपात्र ठरेल. आपली मुलाखत कोणत्या मंडळापुढे आहे हेसुद्धा त्याच दिवशी कळतं. तिथे मंडळाच्या सदस्याला मुलाखतीनंतर पत्र पाठवणं, मग ते कितीही निर्मळ मनाने लिहिलेलं असो, धोक्याचं आहे. सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हा धागा वाचून भलतं काही करू नये, म्हणून मुद्दाम लिहितोय. खासगी कंपनीची गोष्ट वेगळी. तुम्ही खुशाल पाठवा.

क्वालिटीवाली_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. मेटलर्जिस्टसाठी लिहिलंय ते असं (पाठवणार इंग्रजीतून):

'काल तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहिलं. आम्ही भाग कापून सेक्शन पाहिले. भोकं गोल आणि आतून गुळगुळीत होती, म्हणजे गॅस. श्रिंकेज असतं तर ती खडबडीत, वेडीवाकडी आणि बहुतेक जाड भागात दिसली असती. म्हणून आम्ही सप्लायरला आधी डायमधले हवा बाहेर जाण्याचे व्हेंट आणि डायवर मारायच्या फवाऱ्याचं प्रमाण तपासायला सांगितलं. या विषयावर तुमच्याशी बोलताना आनंद वाटला. आभारी आहे. या टीमबरोबर काम करायला मला आवडेल. पगाराबद्दल माझी अपेक्षा लवचीक आहे.'

टूलरूम_अंबड

उत्तम. पगाराचं वाक्य तेवढं काढा. ते बोलणं एचआर मॅडमशी, आणि तेही त्यांनी विचारल्यावर. कापलेल्या सेक्शनचा फोटो जोडायचा मोह होईल, पण तो भाग तुमच्या आत्ताच्या कंपनीचा आहे, तेव्हा फोटो नको आणि सप्लायरचं नावही नको. बाकी साडेपाचला पाठवून द्या.