पावसाळा, घमेलं आणि मांजर: तुमच्याकडे काय चालतं?

गुहागरहून

आमची ढवळी आठ महिने कुणाच्या अध्यात-मध्यात नसते. मागच्या आगरात पोफळीच्या आळ्याजवळची भुसभुशीत माती, दोन पायांनी खड्डा, काम झालं की वर माती, मग पडवीत येऊन पंजे चाटणं. इतकं टापटिपीचं जनावर शोधून सापडायचं नाही. मृग लागला की मात्र आगरात घोटाभर पाणी. मग बाईसाहेब दारापर्यंत जातात, पागोळ्यांकडे बघतात, एक पाय झटकतात आणि वळून माजघरातल्या गाद्यांवर चढतात.

गेल्या वर्षी प्लॅस्टिकचं घमेलं आणि मातीचं लिटर (मांजराच्या शी-शूसाठी घमेल्यात पसरायची विकतची माती) आणलं. ही माती म्हणजे बेंटोनाइट. ओल लागली की फुगते, गोळा होतो, तो उचलून टाकायचा, बाकीचं तसंच ठेवायचं. पाकिटावर वाचायला उत्तम. आमच्याकडे जुलैत डब्याचं झाकण उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत पापड वाकतात, तिथे या मातीचा काय पाड! पोतं न बांधता ठेवलं आणि आठवड्यात त्याची ढेकळं झाली. त्यात मी शहाणीने घमेलं ठेवलं न्हाणीघरात, बंबाशेजारी. वरून वाफ, खालून ओल. ढवळी एकदा आत गेली, पंजांना गारा घेऊन बाहेर आली, स्वयंपाकघरभर ठसे उमटवले आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. शू गादीवर, शी देवघराच्या कोपऱ्यात. सासूबाई म्हणाल्या, मुद्दाम करते. दोन दिवस मलाही तसंच वाटलं.

किनाऱ्यावरच्या मंडळींनी सांगा, तुम्ही पावसाळा कसा काढता? दुकानात विचारलं की त्याहून महाग पाकीट दाखवतात, एवढंच.

देवगडहून

पावसाळा राहू द्या, आमचा गोंधळ एप्रिलमधला. अढी लावायची खोली अंधारी, कोरडी. खाली भाताचा पेंढा, त्यावर हापूस, वर पुन्हा पेंढा. मांजराला आणखी काय हवं? पाचव्या दिवशी आंबे बघायला गेलो तर पिकल्या हापूसच्या घमघमाटात भलताच वास. कोपऱ्यातले चार डझन बाजूला काढले. बाबा म्हणाले, साल जाड असते, धुऊन मोरंबा करू. आई म्हणाली, करा, आणि तुम्हीच खा. आंबे शेवटी खड्ड्यात गेले.

खोलीला कडी घातली तर तिने गोठ्यातला पेंढा धरला. मग लक्षात आलं की तिला खोलीचं प्रेम नाही, पेंढ्याचं आहे. एक जुनी आंब्याची पेटी घेतली, आत जाड प्लॅस्टिक अंथरलं (नाहीतर लाकूड शू पितं आणि तो वास जन्मात जात नाही), वर पेंढा. पहिल्या दिवशीच गेली. मग रोज मूठभर पेंढा कमी आणि मूठभर लाकडाचा भुसा जास्त. पंधरा दिवसांत पूर्ण भुसा, आणि नंतर पेटीच्या जागी टब. एकदम बदललं असतं तर परत पेंढा शोधत हिंडली असती. मांजराला लहानपणी पायाखाली जे लागलं तेच त्याला पुढेही बहुधा शी-शूची जागा वाटतं, आणि आमची जन्मलीच पेंढ्यात.

अलिबागजवळच्या कोळीवाड्यातून

आगोटीत, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीत, आम्ही कांदे, मिरच्या, सुकट, बोंबील भरतो. तीन वर्षं झाली, त्यात मांजराचा भुसा पण भरतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बोटी बंद, पोरं घरात, मांजरं घरात, सगळ्यांचीच डोकी तापलेली. त्यात घाणीवरून भांडण नको.

मे महिन्यात वखारीतून पोतंभर भुसा आणायचा. साध्या लाकडाचा. प्लायवुड कापल्याचा नको, त्यात डिंक नि रसायनं असतात. चाळणीने बारीक धूळ काढून टाकायची, नाहीतर मांजर शिंकत बसतं आणि आपण पण. दोन दिवस कडक ऊन द्यायचं आणि घट्ट झाकणाच्या पिंपात भरायचं. टोपलीत चार बोटं थर. शी लगेच उचलायची, भिजलेला भुसा रोज काढायचा, चार दिवसांनी सगळाच बदलायचा. गोळा होत नाही, पण वास धरून ठेवतो.

भाताचं तूस वापरून बघितलं होतं. फुकट मिळतं, पण शू आरपार खाली जाते, तळाला तळं साचतं आणि तूस वर तरंगतं. काथ्याचा भुसा चांगला शोषतो, पण पायाला चिकटून सगळ्या घरात तपकिरी रांगोळी.

वेंगुर्ल्याहून, आजोबा

आमच्या आयेन कधी पेटी बघूक नाय. चुलीकडे राखेचो डबो, माजर थंयच जाय. सकाळी राख माडाक. खर्च शून्य.

पुन्हा देवगडहून

आजोबा, कोरडी असेपर्यंत राख छानच. पण भिजली की तिचं क्षाराचं पाणी होतं. राखेने भांडी घासून बायकांचे हात कसे फाटायचे ते आठवा. मांजर तर ते पंजे चाटतं.

रत्नागिरीहून

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन मांजरं, एक पेटी. आणि पेटी कसली, झाकणाची, छोटं दार असलेली, घराच्या रंगाला शोभणारी. थोरली बाहेर दबा धरून बसायची आणि धाकटी आत गेली की दारातच झडप घालायची. धाकटीने शहाणपणाने सोफ्यामागची जागा निवडली. आम्ही धाकटीलाच रागावत होतो. नाक घासणं, चापट, सगळं केलं, आता लिहायला लाज वाटते. त्याने इतकंच झालं की ती आमच्यासमोर कुठेच जायची नाही, लपून जायची.

मांजरं जितकी, त्याहून एक पेटी जास्त हा हिशोब नंतर कळला. म्हणजे तीन. नवरा म्हणाला, आपल्याला बाथरूम एक आणि यांना तीन? पण ठेवल्या. शेजारी-शेजारी तीन ठेवल्या तर मांजराच्या लेखी ती एकच, म्हणून एक गॅलरीच्या दाराशी, एक बेडरूममध्ये, एक पॅसेजमध्ये. झाकण काढून टाकलं. पेटी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी, दुकानातल्या बहुतेक त्याहून लहान. आम्ही कपडे ठेवायचे मोठे प्लॅस्टिकचे खोके घेतले आणि एका बाजूला प्रवेशापुरतं कापलं. सुगंधी लिटरही बंद. लॅव्हेंडर आपल्याला आवडतं, मांजराला नाही.

सोफ्यामागचा वास मात्र जाईना. उन्हाळ्यात गेल्यासारखा वाटला आणि पहिल्या पावसाबरोबर उगवला. शूमधलं युरिक ॲसिड साबणाने निघत नाही, त्याचे बारीक स्फटिक राहतात आणि हवेत ओल आली की पुन्हा वास सोडतात. एन्झाइमवाल्या क्लीनरने तीनदा भिजवून ठेवल्यावर सुटलं.

संगमेश्वरहून

गौरी-गणपतीत आमचं घर म्हणजे एसटी स्टँड. एरवी तीन माणसं, तेव्हा सव्वीस. आमचा बोका चार दिवस माळ्यावर. पाचव्या दिवशी खाली आला आणि मखराच्या मागच्या पडद्याला पाठ करून, शेपूट उभी थरथरवत, फवारा. भटजी पाटावर बसलेले. काकांनी फर्मान काढलं, विसर्जनाआधी हा घराबाहेर.

ही घाण नव्हे, हद्दीची पाटी. बसून शू करतो ते वेगळं, उभ्याने भिंतीवर उडवतो ते वेगळं. त्याला पेटी बदलून उपयोग नाही. दिवाळीनंतर त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून आणलं. दहापैकी नऊ बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आमचा नऊतला निघाला. यंदा आठवडाभर आधीच कोठीच्या खोलीत त्याचं अंथरूण, पाणी, टोपली, आणि दाराला कुलूप. किल्ली आजीच्या कमरेला, कारण पोरं.

चिपळूणहून

मला सातवा महिना लागला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ठरवलं की मांजर जाणार. टॉक्सोप्लाझ्माचं, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोक्याच्या जंतूचं, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: मांजराच्या विष्ठेतून तो जंतू बाहेर पडला तरी लागण करण्याजोगा व्हायला त्याला १ ते ५ दिवस लागतात. रोज पेटी साफ झाली तर धोका फार कमी. फक्त साफ करणारी मी नको, आणि मलाच करावं लागलं तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाज्या यांचंही तेवढंच सांभाळा म्हणाल्या.

त्यामुळे शी उचलायच्या झाऱ्याचा ताबा नवऱ्याकडे गेला. मुलगी आता दोन वर्षांची आहे, झारा अजून त्याच्याकडेच आहे. मी विषय काढत नाही.

मालवणहून

हे जरा गंभीर आहे, पण वाचा. आमचा बोका पाच वर्षांचा. एका शनिवारी तो टोपलीत गेला, बसला, उठला, वाळू उकरली, पुन्हा बसला. दहा मिनिटांत चार वेळा. मग न्हाणीच्या गार फरशीवर जाऊन बसला, तिथे दोन थेंब. आई म्हणाली, बद्धकोष्ठ झाला असतला. मी म्हटलं, टोपली आवडत नसेल, वाळू बदलली. रविवारी तो फरशीवर बसून ओरडायला लागला, खाणं बंद, एकदा ओकला. मी तरीही सोमवारची वाट बघणार होतो, कारण रविवारी डॉक्टर कुठे मिळणार.

शेजारच्या मुलीने त्याचं पोट हलकेच चाचपलं आणि ओरडलीच, आतमध्ये लिंबाएवढं टणक लागतंय. रिक्षा करून कुडाळ गाठलं. मूत्रमार्ग बंद झाला होता. बोक्यांची नळी फार अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत पदार्थ अडकला की शू तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. बेशुद्ध करून नळी घातली, तीन दिवस सलाईन. वाचला. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं विचारलं, शनिवारी का नाही आणलात?

तेव्हापासून कोरडं खाणं अगदी थोडं, उकडलेला मासा त्याच्याच पाण्यासकट, आणि घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी. टोपलीतले ओले डाग मी रोज मोजतो. बायको हसते. हसू दे. मांजर टोपलीबाहेर घाण करायला लागलं की आधी हे बघा, मग टोपली, भुसा, स्वभाव वगैरे.

दापोलीहून, एका जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे

मालवणच्या दादांना हात जोडून. अशा केसेस उशिराच येतात.

दोनच गोष्टी. फिनेल वापरू नका. त्यातली फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि फरशीवरचं पंजाला, पंजावरचं जिभेला. डांबराच्या गोळ्याही तशाच वाईट, कोपऱ्यात टाकल्या म्हणून मांजर जात नाही, आजारी मात्र पडतं. आणि शूवर ब्लीच ओतू नका. शूतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, बंद न्हाणीत डोळे-घसा धरतो. ताज्या शूला साधं गरम पाणी आणि साबण पुरतं, मुरलेल्या वासाला रत्नागिरीकरांचा एन्झाइमवाला क्लीनर.

आणि हो, मातीचं लिटर संडासात टाकू नका. पाइपमध्ये फुगतं. मग प्लंबर येतो.

पुन्हा गुहागरहून

सगळ्यांचं वाचून पहिलं काम केलं ते ढवळीला डॉक्टरांना दाखवण्याचं. शू तपासली, सगळं ठीक. मग घमेलं न्हाणीतून उचललं आणि पडवीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलं, जिथे कौल गळत नाही आणि तिला दोन्ही बाजूंनी येणारं-जाणारं दिसतं. तळाला वखारीचा कोरडा भुसा, आणि देवगडच्या युक्तीने वर दोन मुठी आगरातली माती, मे महिन्यात वाळवून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी गेली. माती आता चिमूटभरावर आली आहे.

सासूबाई सकाळी चहाच्या आधी जुना झारा फिरवतात आणि “झाली हो!” अशी माजघरापर्यंत बातमी देतात. गादी मात्र गेली. पिंजाऱ्याने ती दारातच हुंगली आणि म्हणाला, ताई, ही नको, दुसरी असेल तर आणा.