मदत हवी आहे : सुरतचे खान्देशी आणि सुरतचे काठियावाडी पटेल यांची तुलना न्यायाने कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरची. एम.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय वर दिलाय. विषय मंजूर झाला, पण वाचायला लागल्यापासून अडकत चाललेय. इथे सुरतला राहणारे, सुरतहून परतलेले, आकडेवारीत काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

विषय कुठून सुचला ते आधी सांगते. गेल्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मोठे काका-काकू सुरतहून आले होते. काका १९७८ साली पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावातून गेले. पाच एकर कोरडवाहू आणि वाटेकरी तीन भाऊ. पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर लागले आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या करत तिथेच त्यांचे केस पिकले. लिंबायतला दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे. एक मुलगा रिंग रोडच्या कापड मार्केटात हिशेब लिहितो, दुसरा रिक्षा चालवतो. नात बी.कॉम. करतेय. काकूने तीस वर्षं घरी बसून साड्यांना स्टोन लावले, डोळ्यांवर जाड चष्मा त्याचाच.

जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर बसले होते. नात्यातलेच एक जण म्हणाले, "काठियावाडी पटेलही त्याच सुमाराला रिकाम्या हाताने सुरतला आले. आज वराछाला त्यांचे बंगले आहेत, हिऱ्याचे कारखाने आहेत. आपले लोक अजून नोकरच. आपल्यात धमकच नाही." काका मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. काकू तेवढी अहिराणीत म्हणाली, "आम्ही पोट भराले उनूत, धंदा मांडाले नही." (पोट भरायला आलो, धंदा मांडायला नाही.)

ते ऐकून मला फार लागलं. पंचेचाळीस वर्षं बॉयलरच्या वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्याच घरात "धमक नाही" हे ऐकावं लागतं, आणि उत्तर द्यायला आपल्यापैकी कुणाकडेच नीट माहिती नसते. ती मला गोळा करायची आहे. पण काकांवर माया आहे म्हणून निष्कर्ष आधीच ठरवून ठेवायचा नाहीये. पटेलांवर अन्याय करून मला आपली बाजू मांडायची नाही.

आतापर्यंत जे हाती लागलं त्यावरून "रिकाम्या हाताने" हा शब्दच मला खटकायला लागलाय. सौराष्ट्र, म्हणजेच काठियावाड, तेव्हा वेगळं राज्य होतं, ढेबरभाई मुख्यमंत्री होते. १९५१ च्या जमीनसुधारणा कायद्याने गिरासदारांच्या (तिथल्या जमीनदारांच्या) जमिनी कसणारी कुळं मालक झाली, आणि त्या कुळांमध्ये पटेल मोठ्या संख्येने होते. म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हिरा घासायला सुरतला आलेला पोरगा बरेचदा नव्याने मालक झालेल्या शेतकऱ्याचा मुलगा होता. खिसा रिकामा असेल, पण मागे भुईमुगाचं शेत आणि बापाच्या नावाचा सातबारा होता. आमच्याकडून कोण गेलं? माझ्या पाहण्यात तरी रावेर-यावलचे केळीवाले बागायतदार गेले नाहीत. गेले ते पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, साक्रीकडचे कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन, १९७२ च्या दुष्काळाने कंबर मोडलेले.

दुसरी गोष्ट धंद्याची, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. हिऱ्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती (हिरे घासायच्या चाकाभोवती) चौघं बसतात. शिकवणारा मामा नाहीतर मावसभाऊ असतो. मजुरी नगावर मिळते. हात बसला की दोघं-तिघं भागीत एक घंटी घालतात, चाललं तर दुसरी. माल पुडीत मावतो आणि ओळखीवर उधार मिळतो. म्हणजे घासणाऱ्याला मालक व्हायची वाट कितीही अरुंद असली तरी ती होती. डाईंग मिलमध्ये ती वाट कुठून येणार? जेट, स्टेंटर (कापड ताणून वाळवायचं मशीन), बॉयलर, सांडपाण्याची व्यवस्था, हे सगळं कोट्यवधींचं काम. स्टेंटर चालवणारा माणूस आयुष्यभराच्या पगारातही स्टेंटर घेऊ शकत नाही. त्यातून काका ठेकेदाराकडून कामाला, पीएफ नाही, पगाराची चिठ्ठीसुद्धा नाही.

आता माझी अडचण. हे सगळं मला पटतं, पण सिद्ध कसं करायचं? दोन्ही समाजांचे आकडे वेगवेगळे कुठे मिळतात? आणि मोजायचं तरी काय? आजचं उत्पन्न आणि घर बघितलं तर पटेल पुढे, हे सांगायला प्रबंध कशाला हवा. घरं निवडायची कशी, हेही कळत नाही. मी ओळखीतून गेले तर मला आमच्यासारखीच घरं भेटणार. कुणी असं काम केलं असेल किंवा स्वतःच्या घरची हकिगत सांगणार असेल तर कृपया लिहा.

तापीकाठ :
ताई, विषय चांगला घेतलात. मी जनगणनेच्या कामावर होतो, त्या अनुभवावरून सांगतो. स्थलांतराचे तक्ते जन्मस्थळ आणि मागील निवासस्थान यावरून बनतात. तुमच्या काकांची नोंद महाराष्ट्रातून आलेले म्हणून होईल. त्यांच्या नातीची होणार नाही, कारण ती सुरतलाच जन्मली. दुसरी-तिसरी पिढी त्या तक्त्यांतून गळते, आणि तुम्हाला तर तीच हवी आहे.

मग मातृभाषेच्या तक्त्याकडे वळा. सुरत जिल्ह्यात मराठी किती, ते कळेल. पण त्यात कोकणातले, देशावरचे सगळे आले. आणि अहिराणी सांगणाऱ्यांची गणना मराठीत होत नाही, "खान्देशी" या वेगळ्या भाषेखाली होते. २०११ ला देशभरात तिचे १८ लाखांहून जास्त भाषक नोंदले गेले. दोन्ही आकडे घेतल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही, आणि घरात अहिराणी बोलून प्रगणकाला "मराठी" किंवा "गुजराती" सांगणारेही असतात.

पटेलांचं तर आणखी कठीण. ते गुजरातमधल्या गुजरातमध्येच आले, भाषा गुजराती. कुठल्याच तक्त्यात ते वेगळे दिसणार नाहीत. जातीची सरसकट गणना १९३१ नंतर झालेली नाही. पुढच्या जनगणनेत ती होणार असं केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलंय, पण तुमचा प्रबंध तोवर थांबणार नाही. म्हणून सरकारी आकड्यांवर फार विसंबू नका. थोडी घरं घ्या, पण तीन पिढ्या खोलात जाऊन विचारा.

डिंडोलीकर :
मी तिसऱ्या पिढीतला. आजोबा शिंदखेड्याकडचे. ताई, तुमचं लिहिणं मनापासून पटलं, पण एक सांगतो, आम्हाला फक्त मिल मजूर म्हणून रंगवू नका. आमच्या सोसायटीत शिक्षक आहेत, नर्स आहेत, पोलीस आहेत, एकाची एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत. सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यातले, २००९ पासून नवसारीचे खासदार, आता केंद्रात मंत्री. लिंबायतला संगीता पाटील २०१२ पासून आमदार. मतांच्या जोरावर आपण जे मिळवलं ते उत्पन्नाच्या रकान्यात येणार नाही.

शाळेचा मुद्दा नक्की घ्या. मी सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. शिक्षक फार जीव लावून शिकवायचे. आठवीला गुजराती माध्यमात गेलो आणि पहिलं वर्ष नुसतं अक्षरं जुळवण्यात गेलं. माझ्यासोबतची अकरा मुलं आठवी-नववीत शाळा सोडून मार्केटात लागली. अमरेलीहून आलेल्या मुलाला हा खड्डा ओलांडावा लागला नाही. त्याची घरची, शाळेची आणि दुकानाची भाषा एकच.

गिरणाथडी :
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. उधन्याला अकरा वर्षं किराणा दुकान चालवून परत आलोय. भांडवल, कायदा हे सगळं खरं. पण पटेलांची एकी मी डोळ्यांनी पाहिली. गावाकडून पोरगा आला की समाजाच्या वसतिगृहात सोय. सामूहिक विवाहात लग्न, त्यामुळे कर्ज नाही. कारखाना बुडाला तर चार जण मिळून उभा करतात. आपल्याकडे सुरतला पाच वर्षं साठवलेलं गावी येऊन एका हळदीत आणि लग्नात उडवतात. मीही उडवलं. हे प्रबंधात यायलाच हवं.

सातपुड्याचा वारा :
अनुसूचित जाती-जमातींची घरं घेणार असाल तर त्यांच्यासाठी १ मे १९६० फार महत्त्वाचा. त्या तारखेआधी अमळनेर आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. नंतर मधे राज्याची हद्द आली. माझे वडील भिल्ल, नंदुरबारकडचे. जातीचा दाखला महाराष्ट्राचा, राहणं गुजरातचं. भिल्ल दोन्ही राज्यांत अनुसूचित जमात, पण राज्य बदललं की तो हक्क नव्या राज्यात सोबत येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल आहे. माझ्या बहिणीला बारावीला चांगले गुण होते. दाखल्यापायी प्रवेशाची मुदत गेली आणि ती शिवणकामाला लागली. "खान्देशी" म्हणून सगळ्यांची एकच मोळी बांधू नका. पाटलांचं सुरत वेगळं, आमचं वेगळं.

पैलतीर :
आणि पटेलांचीही एकच मोळी बांधू नका. वराछाचे बंगले रस्त्यावरून दिसतात, कारखान्यात दहा तास मान वाकवून बसलेले दिसत नाहीत. २००८ च्या मंदीत कारखाने बंद पडले तेव्हा हजारो रत्नकलाकार (हिरे घासणारे कारागीर) बायकापोरांसह सौराष्ट्रात परतले. २०१५ मध्ये आरक्षणासाठी पाटीदार, म्हणजे पटेलच, लाखांनी रस्त्यावर आले, वराछात तर कर्फ्यू लागला होता. सगळेच सुखी असते तर एवढी तरुण पोरं का आली असती? मालकाची तुलना मजुराशी झाली तर ती पहिल्या पायरीलाच फसेल. मजुराशी मजूर लावा.

मूळ लेखिका :
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचून काढलं.

डिंडोलीकर दादा, तुमचं बरोबर आहे. काकांचं दुःख डोळ्यांसमोर ठेवून लिहिताना मी सगळ्यांनाच काका करून टाकलं होतं. माध्यम कुठल्या इयत्तेत बदललं, हा प्रश्न प्रश्नावलीत घातला.

सातपुड्याचा वारा, तुमच्या बहिणीचं वाचून थांबावं लागलं. मी फक्त कोरडवाहू पाटील घरांचाच विचार करत होते, हे मान्य करते. आता लिंबायत-डिंडोलीतली किमान एक तृतीयांश घरं आदिवासी आणि दलित कुटुंबांची घेईन. बहीण बोलायला तयार असतील तर नाव न देता त्यांची हकिगत घ्यायला आवडेल. नसतील तर आग्रह नाही.

गिरणाथडी काका, राग कसला. लग्नखर्चाचा मुद्दा घेणार आहे, आमच्याही घरात तेच झालंय. पण एकीबद्दल मला वाटतं की ती स्वभावातून कमी आणि कामातून जास्त आली असावी. एकच धंदा, दोन-तीन लागून असलेले भाग, ठरावीक तालुक्यांतली गावं, आणि उधारीचा सगळा व्यवहार ओळखीवर. तिथे शब्द मोडला तर माल मिळणंच बंद. आपले लोक मिल, मार्केट, रिक्षा, भाजीची गाडी, असे दहा ठिकाणी विखुरले, आणि मालक कुणी तिसराच. एकीने राहून त्यांच्या हाती काय येणार होतं? हे माझं मत आहे, चुकत असेन तर सांगा.

तापीकाठ सर आणि पैलतीर यांचं वाचून एक वाट सुचली. आजच्या पटेलासमोर आजचा खान्देशी उभा करण्याऐवजी दोन्हीकडे भावांच्या जोड्या घ्यायच्या, एक गावी राहिलेला आणि एक सुरतला गेलेला. काका सुरतला गेले, माझे वडील इथे शेतावर राहिले. पाडळसऱ्याचं धरण वर्षानुवर्षं रखडलेलं, त्यामुळे आमच्याकडे पाण्याची वाट बघणं चालूच. दोघांची मुलं, त्यांचं शिक्षण, कर्ज, घर, आजारपणात कोण मदतीला आलं, हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की सुरतने काय दिलं ते कळेल. तसंच अमरेली किंवा भावनगरकडच्या भावांचं. मग प्रत्येक समाज निघाला कुठून आणि पोचला कुठे, ते अंतर मोजता येईल. घरातल्या बायकांच्या कामासाठी वेगळा रकाना ठेवतेय, कारण काकूच्या स्टोनच्या पैशावर दोन वर्षांची फी भरली गेली होती आणि ती स्वतः विचारलं तर "मी कुठे काम करते" म्हणते.

आमच्या बाजूच्या आठ जोड्या मिळतील. सौराष्ट्राच्या बाजूला माझी एकही ओळख नाही. वराछा किंवा कतारगामला हिऱ्यात काम करणारं, मालक नसलेलं एखादं कुटुंब कुणाच्या ओळखीचं असेल तर जोडून द्याल का? गुजराती मला वाचता येते, बोलताना अडखळते, पण माझी पुतणी सोबत येणार आहे.

काकूला काल फोन केला. म्हणाली, श्रावणात कानबाईच्या रविवारी ये, रोटाला (प्रसादाच्या जेवणाला) सगळी भाऊबंदकी घरात असते आणि सोमवारी विसर्जनाला अख्खी गल्ली येते, तुला हवी तेवढी माणसं भेटतील. त्याआधी प्रश्नावली कुणी नजरेखालून घालून देणार असेल तर सांगा, उद्या इथेच टाकते.